टक्केटोणपे

एटीएमच्या काचेबाहेर मी तिच्या चपला राखत उभा.
झुहूरा चपला काढून आत जाते,
देवळात जावं तशी. सांगून पाहिलं, ऐकत नाही.

खारघर, कोपरा गाव, सकाळचे सव्वासहा.
दहा हजारांच्या वर हे यंत्र एका वेळी सोडत नाही,
आणि इस्पितळाचा आकडा दहा हजारांत मावत नाही,
म्हणून ती तीनदा कार्ड घालते
आणि तीनदा कापून घेते.
इथलं यंत्र परक्या कार्डाचे म्हणून दोनशे छत्तीस घेतं,
दार-एस-सलामची बँक समुद्र ओलांडल्याचे घेते,
आणि मधे कुणी एक बसलाय, पावतीवर नाव नसलेला,
तो शिलिंगाचा रुपया करता करता
बोटाला लागलेली साखर चाटून घेतो.

पहिल्या आठवड्यात यंत्राने विचारलं होतं,
तुमच्याच चलनात हिशेब करू का?
इतक्या लांब घरचा पैसा पडद्यावर दिसला
म्हणून बाईला बरं वाटलं. हो दाबलं.
तीन वेळच्या त्या आपलेपणाचे अठराशे गेले.

मी म्हटलं, नाही दाब.
ती घाबरली. नाही म्हटलं आणि त्याने दिलेच नाहीत तर?
देतो, म्हटलं. यंत्र आहे ते.
माझ्या बापाने नाही म्हटलं तेव्हा
बांधावर पोलीस उतरले होते.

खाजणातली भातजमीन होती आमची.
शहर आलं, जमीन गेली,
फार वर्षांनी साडेबारा टक्के परत आले,
त्यातलेही पावणेचार सोयीसुविधांचे म्हणून कापले.
सोयी कुठल्या ते बाप मरेपर्यंत विचारत होता.
उरल्या पावणेनऊवर ही तीन मजल्यांची इमारत,
पेशंटच्या माणसांना भाड्याने चार खोल्या,
आणि खाली ओट्यावर माझी आई.

आई रोज संध्याकाळी झुहूराला विचारते,
"कवरा कापला गो आज?"
झुहूरा बोटं दाखवते. आई चुकचुकते.
दोघींना एकमेकींची भाषा येत नाही,
पण पैशाला ती पेसा म्हणते, हिशेबाला हेसाबू,
दुकानाला दुका,
आणि गाडीला तर आमच्या आईसारखीच गारी.
कुठल्या जुन्या गलबतातून गेले असतील हे शब्द.
वाटेत कुणी त्यांचं काही कापलेलं दिसत नाही.

काल ती वही ओट्यावर विसरली.
चौकटीची वही, पोरांची गणिताची.
मला तिची भाषा वाचता येत नाही, आकडे येतात.
डावीकडे इस्पितळ, औषधं, सेफूसाठी शहाळी.
उजवीकडे फक्त कापलेलं:
बँक, यंत्र, बँक, यंत्र, यंत्र,
आणि दर रविवारी एक ओळ,
इंग्रजी अक्षरांत. घरत. आठशे चाळीस.

घरत मी.

आठशे चाळीस कसले ते कळायला
दात घासून होईपर्यंत वेळ लागला.
साताऱ्याच्या शितोळेंना खोली दिवसाला चारशे ऐंशी.
तिला सहाशे.
एकाच गॅसवर दोघी भाकऱ्या भाजतात,
बोलल्या असणार.
मी कधी काही लपवलं नव्हतं.
परदेशी पेशंटचा दर वेगळाच असतो, सगळीकडे असतो,
समोरचा भोईर तर सातशे घेतो.

ती तिसऱ्यांदा नाही दाबते.
यंत्र घरघरतं, देतं.
बाहेर येऊन आधी चपला घालते,
मग नोटा मोजते, आठवड्याच्या वेगळ्या काढते,
बेचाळीसशे, माझ्यापुढे धरते
आणि रोजच्यासारखंच विचारते, "सावा?"

तिच्याकडे सावा म्हणजे बरोबर ना, सारखं ना.
आमच्याकडे सव्वा म्हणजे एकावर पाव जास्त.

नोटा माझ्या हातात.
मी अजून मोजतोय.